न जिंकलेला प्रांत: वऱ्हाड, बडी राष्ट्रे आणि कापसाचा भाव

मराठी समीक्षेत 'साम्राज्यवाद' हा शब्द आता विशेषणावाचून क्वचितच भेटतो. सांस्कृतिक साम्राज्यवाद, भाषिक साम्राज्यवाद, माध्यमांचा साम्राज्यवाद: चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर तो या ना त्या रूपात असतोच. एडवर्ड सैद यांच्या 'कल्चर अँड इम्पीरियालिझम' (1993) या ग्रंथानंतर तो आपल्या विद्यापीठांत रुळला, आणि देशीवादाच्या वादाने त्याला आणखी धार आणली. या साऱ्या चर्चेत साम्राज्य म्हणजे मनावर बसलेला अंमल असतो. इंग्रजी शिक्षण, इंग्रजी वाङ्मयप्रकार, इंग्रजी अभिरुची. हे सारे खोटे आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण वसूल, कर्ज, पट्टा आणि भाव यांच्या आधाराने उभे राहणारे जे साम्राज्य, ते या चर्चेतून जवळजवळ हद्दपार झाले आहे. आणि ते समजून घ्यायचे तर सैद किंवा लेनिन यांच्याकडे जाण्यापूर्वी मराठी वाचकाने यवतमाळ जिल्ह्याकडे जावे असे आमचे मत आहे. कारण हा जिल्हा ज्या वऱ्हाड प्रांताचा भाग, तो प्रांत इंग्रजांनी कधी जिंकलाच नाही.

हे विधान अलंकारिक नाही. पेशवाई 1818 मध्ये बुडाली, नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले. पण त्या दोहोंच्या मध्ये पडलेले वऱ्हाड हे निजामाचे होते आणि कायद्याच्या भाषेत ते शेवटपर्यंत निजामाचेच राहिले. 21 मे 1853 च्या तहाने निजाम नासिरुद्दौलाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे मुलूख कंपनीच्या कारभाराखाली सोपवले. कारण होते कर्ज. 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची एक फौज होती, तिचे अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला की कंपनी तो भरी आणि निजामाच्या नावे मांडून ठेवी. शांततेच्या काळात अशी फौज पोसण्याचे बंधन 1800 च्या तहाने निजामावर घातलेले नव्हते, आणि ही गोष्ट खुद्द डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केलेली आहे. मान्य करून त्याने मुलूख घेतला. तीन वर्षांनी, 1856 मध्ये, आपल्या कारकिर्दीचा आढावा घेताना हिंदुस्थानातील सर्वोत्तम कापसाची जमीन हाती आली याची नोंद करायलाही तो विसरला नाही. कर्जाचा हिशेब आणि कापसाचा हिशेब असे एकाच वहीत भेटतात.

निजामाच्या अमदानीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही, हे येथेच सांगितलेले बरे. त्या राज्यात वऱ्हाडचा वसूल मक्त्याने दिला जाई आणि पेस्तनजी-विकाजी यांच्यासारख्या सावकारी पेढ्यांकडे तो गहाण पडलेला असे. आपल्याला कोणाच्या स्वाधीन केले जात आहे हे वणी-दारव्ह्याच्या कास्तकाराला 1853 मध्ये कोणी विचारले नाही. आधीही विचारले नव्हते.

पुढचा इतिहास मात्र आंतरराष्ट्रीय संबंधांच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात जायला हवा. 1860 च्या तहाने धाराशिव आणि रायचूर दुआब परत गेले, कर्जही माफ झाले. वऱ्हाड तेवढे राहिले. ज्या कर्जापायी मुलूख घेतला ते कर्ज उरले नाही, पण मुलूख परत आला नाही. सालारजंगाने 1870 च्या दशकात सारी खटपट केली, 1876 मध्ये तो लंडनलाही जाऊन आला; उपयोग झाला नाही. मग 5 नोव्हेंबर 1902 रोजी लॉर्ड कर्झन याने निजाम महबूब अली खान याच्याशी करार करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. भाडे ठरले वर्षाला 25 लाख रुपये. त्याच सुमारास कंटिंजंट मोडून ती फौज हिंदुस्थानच्या लष्करात मिसळून टाकली गेली. म्हणजे जिच्या पगारासाठी प्रांत तोडून दिला होता ती फौजही संपली. कारण गेले, परिणाम कायम झाला. 1903 मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले, आणि 1905 च्या पुनर्रचनेत 'वणी जिल्हा' या जुन्या नावाच्या जागी यवतमाळ हे नाव आले. पुसद त्यात सामील झाले. आजचा जिल्हा साधारणपणे त्या वेळचा आहे.

यानंतरचा प्रसंग आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. निजाम उस्मान अली खान याने 1923 मध्ये व्हाइसरॉयला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. त्याचा युक्तिवाद असा होता की अंतर्गत बाबतीत आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचे आहोत आणि हा दोन सत्तांमधला वाद आहे. 27 मार्च 1926 रोजी लॉर्ड रीडिंगने त्याला जे उत्तर पाठवले ते संस्थानी हिंदुस्थानच्या इतिहासात 'अधिसत्तेचा' दाखला म्हणून गाजले. ब्रिटिश राजसत्ता या देशात सर्वश्रेष्ठ आहे, ती केवळ तहांवर उभी नसून तहांच्या पलीकडेही आहे, आणि म्हणून कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येणार नाही, असा त्याचा आशय. अधिसत्तेची ही इतकी उघड मांडणी ज्या भांडणातून निघाली ते भांडण वऱ्हाडचे होते, हे आपल्याकडे फारसे कोणी ध्यानात ठेवत नाही. आणि गंमत अशी की यानंतर नऊ वर्षांनी, 1935 च्या गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया ॲक्टच्या 47 व्या कलमात त्याच ब्रिटिश पार्लमेंटने वऱ्हाड निजामाच्या सार्वभौमत्वाखाली असल्याचे लिहून ठेवले. 1936 च्या करारान्वये निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवीही मिळाली. राजपुत्र वऱ्हाडचा, कारभार इंग्रजांचा, कापूस लँकेशायरचा आणि जपानचा.

आता सिद्धान्तांकडे वळू. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात ज्याला वास्तववाद म्हणतात (साहित्यातल्या वास्तववादाशी त्याचा काही संबंध नाही, विद्यार्थ्यांनी गोंधळू नये), त्याचे गृहीत असे: जगात राष्ट्रांच्या वर कोणी सत्ता नाही, प्रत्येक राष्ट्र स्वतःपुरते सार्वभौम आणि सावध, म्हणून राजकारणाचा खरा अर्थ बड्या राष्ट्रांच्या परस्परतोलात शोधावा. केनेथ वॉल्ट्झ याने 'थिअरी ऑफ इंटरनॅशनल पॉलिटिक्स' (1979) मध्ये हे अतिशय काटेकोरपणे मांडले. मलेशिया किंवा कोस्टा रिका यांच्यावरून जगाच्या राजकारणाचा सिद्धान्त रचू नये, असेही त्याने बजावले. यवतमाळ तर त्या यादीतही येत नाही. जॉन मिअरशायमरचे 2001 चे पुस्तक याच वाटेवरचे, फक्त स्वर अधिक उदास. या मंडळींच्या मांडणीत युद्ध दिसते, शस्त्रे दिसतात, आघाड्या दिसतात. पट्टा दिसत नाही.

वऱ्हाडच्या उदाहरणाने या मांडणीला दोन ठिकाणी तडा जातो असे आम्हांला वाटते. सार्वभौमत्व ही असते किंवा नसते अशी वस्तू नव्हे; ते कागदावर शाबूत ठेवून त्यातला गर काढून घेता येतो आणि राहिलेल्या सालीला वार्षिक भाडेही देता येते. स्टीफन क्रॅस्नरने 1999 च्या आपल्या पुस्तकात सार्वभौमत्वाला सुसंघटित ढोंग म्हटले आहे. त्याला वऱ्हाडइतका नमुनेदार दाखला मिळाला नसता. दुसरे असे की बडे राष्ट्र आपली ताकद बहुतेक वेळा लढून वापरत नाही. ते हिशेबाने, कर्जाने, दर्जाच्या नियमांनी आणि भावाने ती वापरते. इंग्लंडातले दोन इतिहासकार, गॅलाघर आणि रॉबिन्सन, यांनी 1953 मध्ये 'मुक्त व्यापाराचा साम्राज्यवाद' या निबंधात हेच सांगितले होते: ब्रिटनने जमेल तिथे नुसत्या व्यापाराने भागवले आणि न जमेल तिथेच राज्य केले. लेनिनलाही हे दिसले होते; नावाने स्वतंत्र पण भांडवलाच्या जाळ्यात गुंतलेले देश म्हणून तो अर्जेंटिना आणि पोर्तुगाल यांची उदाहरणे देतो. वऱ्हाड या दोन्ही टोकांच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि म्हणूनच ते उपयोगाचे आहे.

या साऱ्याचा कापसाशी संबंध काय, हे अधिक तपशिलाने पाहायला हवे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेनाशी झाली. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण जुनी असली तरी या चार वर्षांत तिचा अर्थ शब्दशः खरा ठरला असेल. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईत शेअरबाजार बुडाला. व्हर्जिनियातल्या एका शरणागतीचा झटका वणीच्या ओट्यावर बसलेल्या सावकाराच्या वहीपर्यंत पोहोचला. त्या वेळी त्या भागात अजून रेल्वेही पोहोचली नव्हती.

ती पोहोचवली गेली. जीआयपी रेल्वे वऱ्हाडातून 1867 मध्ये नागपूरला गेली. खामगावला फाटा काढून 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. रिव्हेट-कारनॅक नावाचा एक गृहस्थ 'कॉटन कमिशनर' म्हणून नेमला गेला. साम्राज्याने एका पिकासाठी आयुक्त नेमावा यातच सगळे आले. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' ही कापसाची एक प्रतच तयार झाली. यवतमाळच्या वाट्याला आली ती मुर्तिजापूरहून निघालेली नॅरो गेज, लोकांची 'शकुंतला'. मूळ ब्रिटिश असलेल्या किलिक निक्सनच्या व्यवस्थेतली ही रेल्वे स्वातंत्र्यानंतरही खासगी मालकीची राहिली आणि भारतीय रेल्वे ती कराराने चालवत होती. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावले. शकुंतलेवर आपल्याकडे हळवे लेख पुष्कळ लिहिले गेले. कापूस बाहेर नेण्यासाठी घातलेला तो रूळ होता, एवढी साधी गोष्ट त्यांत बहुधा सुटते.

याचा दुसरा भाग दुष्काळाचा. जमीन कापसाखाली गेली, ज्वारीची पेव रिकामी राहू लागली, धान्य बाजारातून आणावे लागू लागले. आणि कापसाचा भाव पडला की ते आणायला पैसा उरेना. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडने जी किंमत मोजली ती जनगणनेच्या तक्त्यात दिसते: 1891 ते 1901 या दहा वर्षांत प्रांताची लोकसंख्या सुमारे 5 टक्क्यांनी घटली. ही घट ज्या प्रांतात झाली तिथे त्याआधी तीस वर्षे रेल्वे धावत होती. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडचा कापूस आणि दुष्काळ यांवर 1997 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे, आणि स्वेन बेकर्टच्या 'एम्पायर ऑफ कॉटन' (2014) मध्ये खामगावचे नाव मँचेस्टरच्या जोडीने येते. मराठीत मात्र या इतिहासाला अजून त्याच्या योग्यतेचा ग्रंथकार लाभलेला नाही, अशी आमची तक्रार आहे.

हे सारे झाले, इंग्रज गेले, मग आज त्याचे काय, असे कोणी विचारील. म्हणून एक अलीकडचा प्रसंग. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जी अनुदाने देते त्यांमुळे जगातला भाव पडतो, अशी तक्रार ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे नेली. भारत त्यात त्रयस्थ पक्ष म्हणून होता. 2003 च्या कानकून परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या आफ्रिकेतल्या चार देशांनीही हाच प्रश्न लावून धरला. ब्राझील जिंकले, अपिलातही जिंकले. अमेरिकेने काय केले? अनुदाने तत्काळ बंद करण्याऐवजी 2010 मध्ये ब्राझीलच्या कापूस उत्पादकांना वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर देण्याचे कबूल केले, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. ही बातमी वाचताना आम्हांला 25 लाख रुपयांच्या भाड्याची आठवण होते. न्याय तुमच्या बाजूने आहे हे अमान्य करायचे नाही. वस्तू मात्र सोडायची नाही. वर्षाकाठी रक्कम ठरवायची. डलहौसी-कर्झनची रीत आणि ही रीत यांत शंभर वर्षांचे अंतर आहे, नमुना तोच. आणि रक्कमही ज्याच्याकडे बदला घेण्याची ऐपत आहे त्यालाच मिळते. बेनिनला मिळाली नाही. यवतमाळचा तर प्रश्नच नव्हता.

त्याहून ताजे उदाहरण 2025 चे. कापसाच्या आयातीवर भारताने फेब्रुवारी 2021 पासून 11 टक्के शुल्क बसवले होते. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण 50 टक्के आयातशुल्क लादले, आणि त्याच महिन्यात भारत सरकारने कापसावरचे हे 11 टक्के आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर 31 डिसेंबरपर्यंत माफ केले. कारण दिले गेले ते वस्त्रोद्योगाला स्वस्त कच्चा माल मिळावा हे, आणि निर्यात अडलेल्या गिरण्यांच्या दृष्टीने ते खोटेही नाही. पण यवतमाळात कापसाचा वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामासाठी 8110 रुपये क्विंटल होता. तो मिळवायचा तर सीसीआयच्या केंद्रावर नोंदणी, रांग आणि ओलाव्याची 12 टक्क्यांची मर्यादा. ज्याला थांबणे परवडत नाही तो खेडा खरेदीवाल्याला कापूस घालतो. दोन बड्या राजधान्यांमधल्या ताणाताणीचे वजन शेवटी कोणाच्या काट्यावर पडते याचा शोध घ्यायला कोणत्याही गुप्त कागदपत्रांची गरज नाही.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच नोंदवतो, कारण तो बळकट आहे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आयुष्यभर असे सांगितले की शेतकऱ्याचे शोषण गोऱ्या साहेबाबरोबर संपले नाही. 'इंडिया'ने 'भारता'ची वसाहत केली. खुला व्यापार शेतकऱ्याच्या हिताचा आहे आणि त्याला बुडवते ते देशातलेच सरकार, ही त्यांची भूमिका होती. मार्च 2012 मध्ये केंद्राने कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली (काही दिवसांत ती मागे घ्यावी लागली) तेव्हा जोशींचे म्हणणे पुन्हा एकदा खरे ठरले. आम्हांला हा आक्षेप मान्य आहे, आणि आमच्या मते त्याने मूळ मुद्दा कमजोर होत नाही, उलट पुढे जातो. ज्याचा माल त्याला त्याच्या भावाविषयी बोलता येत नाही, ही स्थिती लंडनने निर्माण केली असेल तर दिल्लीने ती जपली. परदेशी अधिसत्तेपुढे हात टेकणारे सरकार आपल्याच मुलखात अधिसत्ता होऊ शकते. वॉल्ट्झच्या आराखड्यात राष्ट्र हा एकसंध गोळा असल्याने त्याला हे दिसण्याची सोय नाही. आणि 'महासत्ता' या शब्दाच्या नशेत असलेल्या आपल्या मध्यमवर्गालाही नाही. कलामांच्या 'इंडिया 2020' (1998) या पुस्तकातले स्वप्न विकसित राष्ट्राचे होते. आपल्या व्यासपीठांवर येईपर्यंत त्याची महासत्ता झाली. महासत्ता होणे म्हणजे कोणावर तरी पट्टा लिहून घेणे, हा त्या शब्दाचा इतिहास कोणी सांगितला नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हे सारे सांगण्याचे कारण आता यावे. आपल्याकडे दोन फडताळे आहेत. एकावर 'वसाहतवाद, उत्तरवसाहतवाद' अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर 'ग्रामीण साहित्य'. पहिल्यात बहुधा इंग्रजी विभागाचे लोक हात घालतात, दुसऱ्यात मराठी विभागाचे. सदानंद देशमुखांची 'बारोमास' (2002) दुसऱ्यात ठेवली गेली, तिला 2004 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले, तिच्यावर प्रबंध झाले. आणि त्यांत बोलीभाषा, ग्रामजीवनाचे चित्रण, शेतकऱ्याची व्यथा यांची यादी आली. शेतकऱ्याची व्यथा म्हटले की ती आभाळातून पडल्यासारखी वाटते. पाऊस, नशीब, व्यसन, सावकार. ज्या बाजाराची गणिते समुद्रापार मांडली जातात त्या बाजारात राहणाऱ्या माणसांची ही कादंबरी आहे, असे म्हणायला 'ग्रामीण' हा शब्द अटकाव करतो. गावाभोवती तो एक कुंपण घालतो, आणि वऱ्हाडातल्या गावाला असे कुंपण निदान 1853 पासून नाही.

जोतीराव फुल्यांना हे कुंपण माहीत नव्हते. 'शेतकऱ्याचा असूड' (1883) मध्ये शेतसारा, भटकामगार, परदेशी मालाने बसलेली कारागिरांची उपासमार आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार हे सगळे एकाच ओघात येते. गाव आणि साम्राज्य यांची दोन प्रकरणे ते करत नाहीत. हा धागा पुढे समीक्षेने सोडला. तो पुन्हा उचलायचा असेल तर एम.ए.च्या वर्गात एक साधा प्रयोग करून पाहता येईल. रीडिंगचे 1926 चे पत्र चार पानांचे असेल-नसेल. ते मराठीत आणून 'असूड' आणि 'बारोमास' यांच्यामध्ये ठेवावे, आणि अमरावती विद्यापीठातल्या, विशेषतः यवतमाळ, वणी, पुसदच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना तिन्ही एकापाठोपाठ वाचायला द्यावेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी पऱ्हाटी उभी असते. भाव कोण ठरवतो, या प्रश्नावर त्यांना लिहायला सांगितले तर ते काय लिहितील ते आम्हांला वाचायचे आहे.